पाच जणांना पुरेल अशी वाईन

२४ फेब्रुवारी

जावईबापू,

फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तर ‘हो, हो, बरं, बरं’ एवढंच ऐकू येतं, जणू मी तुमची दाढ काढतेय आणि तोंडात कापूस कोंबलाय. म्हणून पत्र. कागदावर माणसाला ‘हो’च्या पुढे निदान एखादं वाक्य लिहावं लागतं.

काम आहे. थंडी सरली, मागच्या अंगणातलं टेबल धुऊन घेतलं, आणि वसंतातली आपली तीन रविवारची जेवणं या वर्षी नीट करायची ठरवली आहेत. नेहमीसारखी, एक रविवार आड. गेल्या वर्षी तुम्ही नव्हता, म्हणून वाईन मी आणली. दुकानदाराला म्हटलं, चांगली द्या. त्यानं महाग दिली. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, ‘चूळ कुठे टाकू?’ वीस वर्षं दातांच्या डॉक्टरणीबरोबर संसार केल्याचं हे फळ.

तेव्हा कुठल्या जेवणाबरोबर काय प्यायचं ते तुम्ही सांगा. धाकटीला मी विचारलं, ‘वाईनचं काय करू गं?’ ती म्हणाली, ‘त्यालाच विचार.’

पहिल्या रविवारी मटारचं सूप, लिंबू चोळून भाजलेली कोंबडी आणि कोवळे बटाटे. माणसं चार. मी, हे, आई आणि धाकटी.

तुम्ही तिकडे परगावी खोली घेतल्याला दीड वर्ष झालं. तुम्हाला काय म्हणून हाक मारावी याचा मी बराच विचार केला. दुसरी हाक सुचली नाही, जुनीच मारते. चालवून घ्या.

ताई


१ मार्च

ताई,

नमस्कार. जावई उरलोय की नाही ते तुमच्या बहिणीला विचारावं लागेल. बापू मात्र नक्की झालोय. कानामागचे पिकलेले केस बघून लोक बसमध्ये जागा देतात.

इथे बरं चाललंय. वाईनच्या दुकानात गिऱ्हाईकानं काय शिजवलंय ते सांगायचं आणि मी बाटली काढून द्यायची, असा धंदा. परवा एक गृहस्थ आले. म्हणाले, साहेबांकडे जेवायला जायचंय, महाग वाटेल पण असणार नाही अशी द्या. दिली. दुसऱ्या दिवशी रडवेले होऊन परत आले. साहेबांनीही त्यांच्यासाठी तीच आणली होती. काल एक बाई मासिक घेऊन आल्या. ‘वसंतात गुलाबीच पितात ना?’ म्हटलं, का? म्हणाल्या, फुलं येतात म्हणून. या हिशेबानं पावसाळ्यात गढूळ प्यायला हवी. आणि बाटलीमागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘ओल्या दगडाची चव’. लिहिणाऱ्यानं दगड कधी चाटला होता ते विचारायची मला फार इच्छा आहे. चाटला असेल तर तो तुमचा पेशंट.

आता पहिला रविवार. मटार गोड असतो. त्याला गवताचा वास असलेली, कडक, पांढरी वाईन लागते. सोबतच्या कागदावर नाव लिहिलंय, ते दुकानदाराला दाखवा. त्याला बोलू देऊ नका. कोंबडीलाही तीच पुरेल, कारण लिंबू आहे. वाईन पदार्थापेक्षा आंबट असावी लागते, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. आणि धाकटी ताटात आलेल्या लिंबावर थांबणार नाही, वरून आणखी अर्धं पिळणार. त्या अर्ध्या लिंबाचा हिशेब धरूनच मी निवडली आहे. आईंना आंबट सोसत नाही, त्यांना घोटभर द्या आणि ‘औषध आहे’ म्हणा.

एक विचारू? ‘त्यालाच विचार’ असं म्हणाली तेव्हा ती काय करत होती? तुमच्याकडे बघून म्हणाली की पाठमोरी होती?

तुमच्यापाशी कशाला लपवू, मला परत यायचंय. आमचं भांडण झालं नव्हतं, हीच सगळ्यात मोठी अडचण. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. एका सकाळी ती म्हणाली, ‘थोडे दिवस वेगळे राहू या.’ आणि मी, शहाणा, म्हणालो, ‘हो, हो, बरं, बरं.’ ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

जावईबापू (तुम्ही म्हणता म्हणून)


१० मार्च

जावईबापू,

पहिला रविवार तुम्ही मारून नेलात. ह्यांनी चूळ कुठे टाकू असं विचारलं नाही, तिसरा ग्लास विचारला. आईला औषध म्हणून दिलं तर तिनं डोस वाढवून मागितला. धाकटीनं तुम्ही म्हणालात तसं अर्धं लिंबू पिळलं, वर घोट घेतला आणि ग्लास उन्हात धरून बघत बसली. मग म्हणाली, ‘छान आहे.’ आमच्या घरात ‘छान आहे’ किती महाग असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पाठमोरीच होती. भांडी पुसत होती. भांडी पुसताना माणूस पाठमोराच असतो, त्यात अर्थ शोधत बसू नका.

पुढच्या खेपेला उकडलेली अंडी, हिरव्या पानांचं सॅलड, चीज, ब्रेड आणि शेवटी स्ट्रॉबेरी. माणसं तीच चार.

पत्र मोठं लिहिलंत, बरं वाटलं. इथे जेवताना मी काही बोलले की हे मान हलवतात, आई ‘काय?’ म्हणते आणि धाकटी बाहेर बघते. टोमणा परतवणारं कुणी नसलं की टोमण्याची चव जाते.

ताई


१५ मार्च

ताई,

ग्लास उन्हात धरून बघत होती, हे वाक्य मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि एका गिऱ्हाईकाला व्हिनेगरच्या भावात चांगली बाटली दिली. तो आशीर्वाद देत गेला.

अंड्यानं जिभेवर साय धरते. ती खरवडायला बुडबुडे लागतात, म्हणून या वेळी फेसाळ वाईन. गोड नको, अगदी कोरडी. सॅलडवर व्हिनेगर ओतू नका, व्हिनेगर म्हणजे वाईनचाच वाया गेलेला भाऊ. समोर आला की तिची बोलती बंद. स्ट्रॉबेरीला मात्र गुलाबी, किंचित गोड. त्या मासिकवाल्या बाईंना हे सांगू नका.

आणि एक. धाकटीला वाईनमध्ये बर्फ टाकायची सवय आहे. वाईन विकणाऱ्याच्या बायकोनं वाईनमध्ये बर्फ टाकणं म्हणजे दातांच्या डॉक्टरणीच्या नवऱ्यानं दातानं सोडा उघडणं. ती टाकायची आणि मी, कुणी बघत नाही ना, हे बघायचो. तर या वेळी बर्फाची वाटी तुम्हीच तिच्या हाताशी ठेवा. मी सांगितलं असं म्हणू नका. म्हणालात तरी चालेल.

तुमचा
तोच


२४ मार्च

जावईबापू,

बुडबुडे उत्तम. आईला शिंका आल्या आणि ती हसली, खूप दिवसांनी. ह्यांनी बूच उडवून शेजारच्यांच्या खिडकीला मारलं आणि माफी मागायच्या निमित्तानं तिकडे जाऊन आणखी एक ग्लास पिऊन आले.

बर्फाची वाटी ठेवली होती. धाकटीनं हात लावला नाही. ‘नको, अशीच बरी लागते आता,’ म्हणाली. वाटीतलं पाणी मी कुंडीत ओतलं.

तिसऱ्या रविवारचा स्वयंपाक धाकटी स्वतः करणार आहे. काय करणार ते विचारून कळवते. या वेळी पाच जण असू. पाच जणांना पुरेल अशी सांगा.

ताई


२८ मार्च

ताई,

पाच.

तुम्ही किती सहज लिहिलंत. ‘या वेळी पाच जण असू.’ दोन ओळी घालून नीट बोलवायला काय झालं होतं? पण तुमचं बरोबर आहे. तुम्ही, साडूसाहेब, आई, ती. आणखी एक खुर्ची. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण लिहितं का.

बर्फाचं वाचलं. इतकी वर्षं मी जे सांगून थकलो ते ती आता आपणहून करतेय. दूर राहिल्यावर माणसाचं म्हणणं पटतं असं दिसतंय. आधीच दूर राहिलो असतो तर इतकं दूर राहावं लागलं नसतं.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. केस कापले. शर्ट घेतला, निळा, कारण मला निळा बरा दिसतो असं ती एकदा म्हणाली होती. शर्ट घालून दुकानात गेलो तर मालकीणबाईंनी विचारलं, ‘लग्नाला चाललाय की मयताला?’ म्हटलं, जेवायला. म्हणाल्या, ‘जेवायला जाणाऱ्याचा चेहरा असा नसतो, वाढायला जाणाऱ्याचा असतो.’ बाई खडूस आहेत, पण रजा दिली.

बाटल्या मी हातात घेऊनच येतो. काय शिजवणार तेवढं कळवा. ती स्वतः करणार म्हणालात. तिला कढईचा कंटाळा, भाजी करपेपर्यंत पुस्तक वाचणारी ती. कुणासाठी करतेय हे न कळण्याइतका मी मठ्ठ नाही.

तुमचा जावई


३१ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं, दवाखान्यात पेशंट बसवून लिहितेय.

इतक्या लांबून बाटल्या घेऊन येऊ नका. प्रवासात वाईन ढवळते असं तुम्हीच म्हणायचात. खोक्यात घालून पाठवून द्या. शिवाय आईची तब्येत जरा नरमगरम आहे, गडबड नको. सविस्तर नंतर लिहिते.

धाकटी अख्खा मासा करणार आहे, ओव्हनमध्ये, लसूण आणि हिरवा मसाला भरून. सकाळी बाजारात स्वतः जाऊन आणणार म्हणते. सोबत उकडलेल्या शेंगा. पाच जण. बाकी ठीक.

ताई


३ एप्रिल

ताई,

तो कोण आहे ते लिहू नका.

तुम्ही मेनू पाठवलात आणि तुमच्या लक्षातही आलं नाही की सगळं सांगून टाकलंय. माझा धंदा दुसरा काय आहे? लोक मला पदार्थ सांगतात आणि मी त्यावरून ओळखतो की टेबलाशी कोण बसणार आहे, कुणाला खूश करायचंय आणि कुणाची कुणाला पर्वा नाही.

आम्ही एकत्र राहिलो तेवढ्या वर्षांत आमच्या घरात मासा शिजला नाही. वासानं तिला मळमळायचं. सुरुवातीला मी बाहेर खाऊन यायचो, तर ती दारातच म्हणायची, ‘आधी दात घास.’ मी दात घासायचो, शर्ट बदलायचो, तरी ती पलंगाच्या त्या कडेला झोपायची. मग बाहेर खाणंही सोडलं. तक्रार नाही. माशापेक्षा ती बरी होती.

आणि आता ती बाजारात जाणार. कल्ला उचलून लाल आहे का बघणार, पोटात बोट घालून मसाला भरणार. हे माणूस स्वतःसाठी करत नाही. आईंना काटे नकोत. साडूसाहेब मटणाशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीत. तुम्ही मिळेल ते खाता आणि मिळेल ते बोलता. राहिला पाचवा. तुमचं त्याच्या आधीचं पत्र आलं तेव्हा तो पाचवा मी होतो. पण मी असतो तर तिनं मासा केला नसता ताई. मला मासा आवडतो हे तिला आठवतसुद्धा नसेल.

बर्फही त्यालाच आवडत नसणार.

आईंची तब्येत म्हणे नरमगरम. दातांच्या डॉक्टरांना थापा मारता येत नाहीत. ‘दुखणार नाही’ एवढी एकच येते, तीही कुणाला पटत नाही.

आता वाईन. आमच्याकडे खालच्या फळीवर एक काळीकुट्ट लाल आहे, जिभेला कोरड पाडणारी. माशाबरोबर प्यायली तर तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं लागतं. ती काल मी खोक्यात ठेवली. दोन बाटल्या. वर गवत भरलं, झाकण लावलं. तुमच्यापैकी एकालाही कळलं नसतं. मग लक्षात आलं, वाईनला कुणी नावं ठेवली नसती. सगळे म्हणाले असते, मासा बिघडला. तिनं केलेला पहिला मासा.

झाकण काढलं. आता आत आहे ती पांढरी, समुद्राजवळच्या मळ्यातली, हलकी खारट. लसणाला भिणार नाही आणि माशाच्या पुढे पुढे करणार नाही. थंड करा, पण बर्फासारखी नको, गार विहिरीच्या पाण्याइतकी. जेवायला बसायच्या थोडं आधी उघडा. मासा ओव्हनमधून काढल्यावर लगेच कापू देऊ नका, जरा मुरू द्या. तिला घाई असते.

पाच जणांना पुरेल.

तिकीट परत केलं.


८ एप्रिल

जावईबापू,

हाक बदलणार नाही. तुम्ही खोक्यात दुसरी बाटली घातलीत, त्यानंतर तर नाहीच.

तो कोण ते लिहीत नाही. दात चांगले आहेत, एवढंच लिहिते, कारण ते माझं खातं आहे.

तुमच्यापासून मी लपवलं. हिवाळ्यापासून मला माहीत होतं. ‘त्यालाच विचार,’ असं धाकटी म्हणाली ते खरं, पण तिचं वाक्य तिथे संपलं नव्हतं. ‘त्यालाच विचार, नाहीतरी तो दिवसभर तेच करतो,’ असं म्हणाली. पुढचं अर्धं मी गाळलं. पहिल्या अर्ध्यानं तुम्ही उत्तर लिहाल असं वाटलं, आणि तुम्ही लिहिलंत. मग मला पत्रांची चटक लागली. तुम्हाला काय वाटत असेल याचा विचार रोज सकाळी यायचा, आणि पहिला पेशंट आला की जायचा.

रविवारचं सांगते. नाही सांगितलं तर तुम्ही मनानं काहीतरी शिजवाल.

मासा जमला. तुमचा निरोप मी माझा म्हणून सांगितला, ‘जरा मुरू दे गं.’ तिनं मुरू दिला. वाईन ओतली. पाहुण्यानं घोट घेतला, थांबला, पुन्हा घेतला. ‘वा, ही कुणी निवडली?’

धाकटी म्हणाली, ‘दुकानातून आणली.’

खोटं बोलली नाही ती. तुम्ही दुकानातच असता.

पण आई काय गप्प बसते? ‘जावयानं पाठवली,’ म्हणाली, अगदी स्वच्छ. ‘दरवर्षी तोच निवडतो. तो का नाही आला या वेळी?’ ह्यांनी शेंगांचं भांडं उचलून सगळ्यांना शेंगा वाढायला घेतल्या. ज्यांच्या ताटात होत्या त्यांनाही. पाहुणा भला आहे. त्यानं ग्लास हळूच खाली ठेवला आणि आईला विचारलं, ‘तुम्हाला काटे काढून देऊ का?’ मूर्ख असता तर मला सोपं गेलं असतं.

धाकटी पाणी आणायला म्हणून आत गेली. मी मागे गेले. नळाखाली हात धरून उभी होती, साबण, लिंबू, पुन्हा साबण.

‘ताई, वास येतोय का अजून?’

हात हुंगून म्हटलं, येतोय.

‘किती दिवस राहतो गं हा?’

मला काय माहीत. म्हटलं, ‘होईल सवय.’

‘होईल,’ म्हणाली. मग नळ बंद करून म्हणाली, ‘वाईन अगदी बरोबर होती. त्याला सांगू नकोस.’

सांगतेय. तिच्या वाक्याचं अर्धं याआधी एकदा गाळलंय, पुन्हा गाळणार नाही.

तिचे हात पुसायला टॉवेल दिला आणि आम्ही बाहेर आलो. तिनं बसून अख्खा तुकडा खाल्ला. चेहरा वाकडा केला नाही. मी तिची थोरली बहीण, तिला लहानपणी औषध पाजलंय, तिचा न केलेला वाकडा चेहरा मला दिसतो. ती सुखात आहे, जावईबापू. तुम्हाला हे वाचून बरं वाटणार नाही, पण हेच तुम्ही मला विचारलं असतंत, उशिरा का होईना.

इकडे यायचं तर माझ्याकडे या. रविवार नको, मधला वार बघून. आपण दोघं बसू, दात आणि वाईन यांना नावं ठेवू.

ताई


२० एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला. वसंतात दुकानात मरणाची गर्दी. सगळ्या जगाला एकदम अंगणात बसून जेवायचंय आणि सोबत काय प्यायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

आई ‘जावयानं पाठवली’ म्हणाल्या, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. कारण सांगू नका.

आज सुट्टी. सकाळी बाजारात गेलो आणि मासा घेतला. मासेवालीनं विचारलं, ‘किती माणसं?’ म्हटलं, एक. म्हणाली, ‘मग अर्धा न्या ना.’ मी अख्खाच घेतला. खोलीतल्या एकुलत्या तव्यावर तो मावेना, शेपूट बाहेर राहिली, ती कच्ची आणि मधला भाग करपलेला. काटे काढायची बोटांची सवयही गेलीय. एक घशात अडकला. वाईन काढली नव्हती. इतरांना सांगतो ते स्वतःला सांगायचं राहून गेलं. पाण्याबरोबर जेवलो. चव होती तशीच होती. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी काहीतरी होईल. अर्धा खाल्ला, अर्धा मांजराला दिला. मासेवाली बरोबर होती.

जेवण झालं आणि मी तवा साबणानं घासला, लिंबानं घासला. शर्ट काढून बाहेर वाळत टाकला, तो निळा. दात घासले, दोनदा. दोन्ही खिडक्या उघडल्या आणि हातात वर्तमानपत्र घेऊन वास बाहेर ढकलत उभा राहिलो, भर दुपारी, बनियनवर.

समोरच्या गच्चीत घरमालकीणबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्या वरून म्हणाल्या, ‘काय हो, काही जळलं का?’

‘नाही, मासा केला होता. वास घालवतोय.’

‘का, कुणी यायचंय?’

बाईंना काही माहीत नाही. सहज विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, नाही. आणि खिडक्या लावून घेतल्या.

तुमचा